म्हैसगोटा

अंबाझरीत पाणी झोपलेलं असतं.
तिथं मी उलटं व्हायला शिकले,
आणि कंबरेच्या एका झटक्यानं परत वर यायला,
नाकात शेवाळाचा वास घेऊन.
बोरकुटे सर काठावरून ओरडायचे,
"डोकं शेवटी! डोकं सगळ्यात शेवटी वर!"
आणि मला वाटायचं, आली मला नदी.

आमडी फाट्यावरून पेंच दिसत नाही.
पारशिवनी ओलांडून धुऱ्याला लागलो
की आधी ऐकू येते,
दूर कुणी सुपात गहू पाखडतंय तशी.
टपावर दोन नावा, एक पिवळी, एक सांधलेली,
माझ्या मांडीवर पिशवीत वीस मीटर दोर.
आज मी वल्हं धरणार नव्हते.
आज माझं काम काठावर उभं राहायचं.

लखाजी मारबतेकडे मोजपट्टी नाही.
नदीच्या मधोमध एक काळा गोटा आहे, तेवढाच.
"म्हशीची पाठ दिसली तं जा.
नुसती शिंगं दिसली तं थांबा.
पाय दिसले तं नावा डोक्शावर घ्या न पायी चाला.
अन् म्हैसच नाई दिसली..."
इथं तो बिडी पेटवतो.

आज म्हैस नव्हती.
ती असते तिथं पाणी फुगून गुळगुळीत झालेलं,
गोधडीखाली कुणी श्वास घ्यावा तसं.
रात्री धरणाचा भोंगा दोनदा झाला म्हणे.
पाऊस तिकडे, छिंदवाड्याच्या डोंगरात.
इथं लख्ख ऊन,
तारेवर कुणाची तरी साडी वाळतेय.

इशांतनं हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.
"ताई, तीन शनिवार थांबलोय.
डावीकडून निघतो. ती बघ जीभ."

होती जीभ. दोन खडकांमधून उतरणारी, मातकट, सरळ.
मी जिभेच्या पुढचं बघत होते.
तिथं अर्जुनाचं झाड आडवं पडलेलं,
फांद्यांमधून पाणी चाळणीतून जावं तसं जात होतं.
पाणी जातं.
हात-पाय असलेलं काही जात नाही.

त्याच्याही खाली बंधारा.
सगळी नदी आरडत होती, तो तेवढा गप्प.

लखाजी म्हणाला, "थे पाहा."
वरून एक ओंडका आला, पुरुषभर लांब,
बंधाऱ्यावरून अलगद उतरला, बुडाला,
वर आला,
आणि पुढे जायच्या ऐवजी मागे फिरला.
पुन्हा भिंतीशी, पुन्हा खाली,
पुन्हा वर, पुन्हा मागे.
आम्ही पहिला चहा प्यालो, तो फिरत होता.
दुसरा प्यालो.
कुणी मोजलं नाही.

"नाही," मी म्हणाले.
इशांत माझ्याशी बोलला नाही.
नाव गाडीवर चढवताना पट्टा इतका आवळला त्यानं
की प्लास्टिक कुरकुरलं.

तरी आलोच होतो, म्हणून रिकाम्या वावरात दोर फेकला.
लखाजीची नात रेवती बुडणारी झाली,
पाठीवर पडून, पाय पुढे, बोटं वर,
जसं शिकवलं तसं.
"उभी राहू नको, पाय खडकात अडकतो,"
मी सांगत होते, आणि ती गवतात पडून हसत होती.
पहिला दोर तिच्या पलीकडे पडला, दुसरा अलीकडे,
तिसरा बरोबर छातीवर.
तीन म्हणजे दोन जास्त.
हे मी कुणाला बोलले नाही.

परतताना मनसरपर्यंत कोरड्या नावा वाऱ्यात घुमत राहिल्या.
टोलनाक्यावरचा पोरगा म्हणाला, "झालं का पोहून?"
इशांत हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

रात्री लखाजीचा फोन.
"ओंडका निंगाला, बाई."
कसा?
"वरून नाई. तळातून. साल गेली सारी, नुसतं लाकूड."

मी खोलीत दोर पिशवीत भरते आहे.
गुंडाळत नाही, नुसता कोंबते, मूठ मूठ.
गुंडाळलेला दोर ऐनवेळी गाठ धरतो.
आणि शेवटचं टोक
बाहेर ठेवते.